क्रमांक एक ते सहा, सर्व खुशाल

भूगाव, २८ जून २०२५

ती. आत्यास,
प्रियदर्शिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पावसाळ्यात तुझ्या गावात फोन लागत नाही, म्हणून पत्र. ऋषिकेशदादाबरोबर काचेच्या सहा पट्ट्या पाठवते आहे. दोन काचांच्या मध्ये पेरोव्हस्काइट नावाचा काळा थर आहे. उन्हातून वीज करण्यात तो हुशार आणि स्वस्तही, पण ओल लागली की सादळतो आणि पिवळा पडतो. म्हणून कडा नव्या गोंदाने बंद केल्यात. सर म्हणाले, प्रयोगशाळेतला खोटा पाऊस पुरे, आता खरा आण. मी म्हटलं, तो आमच्या आत्याच्या पत्र्यावर मुक्कामाला असतो.

पट्ट्या पत्र्यावरच ठेव, लाडाने आत घेऊ नकोस. कुठली पिवळी पडली ते महिन्याने कळव. फुटली तर हात लावू नकोस, आत शिसं असतं. माझी पीएचडी त्यांच्या काळ्या तोंडांवर अवलंबून आहे. मी खुशाल, वेळेवर जेवते.

तुझी,
प्रियदर्शिनी


मुळशी, ३० जुलै

चि. प्रियदर्शिनीस आत्याचा जयभीम व आशीर्वाद.

इकडे पाऊस असा की कोंबड्या चुलीपासून हलत नाहीत. शेजारच्या रंभाबाईंनी विचारलं, या काचा कशाला? मी म्हटलं, आमच्या पोरीच्या पोरी हायेत, भिजायला आल्यात. तर म्हणतात, मग टोपडं तरी घाला की वं! घातलं नाही हो.

क्रमांक एक ते सहा सर्व खुशाल. माझी तब्येतही ठणठणीत. काळजी नसावी.

तुझी आत्या,
गोजराबाई


भूगाव, ५ ऑगस्ट

ती. आत्यास स. जयभीम.

तू कमाल केलीस! सर चहा अर्धा टाकून उठले. मुळशीच्या पावसात सहाही टिकल्या, हे वाक्य शोधनिबंधात गेलं. अठरा तारखेला तो छापायला जाईल, आभारात तुझं नाव. सरांनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, आमची आत्या खोटं लिहीत नाही.

मी मजेत, वेळेवर जेवते.

प्रियदर्शिनी


मुळशी, ९ ऑगस्ट

चि. प्रियदर्शिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताट सारून लिहायला बसले. आभारातून माझं नाव काढ. सहाही पिवळ्या झाल्यात. पहिली तर दुसऱ्याच आठवड्यात.

अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं लिहिली, छटाकभर कधी वाढवलं नाही. पण पत्रात लांबच्या माणसाला वाईट कसं लिहायचं? पत्रात सगळे खुशालच असतात. तशाच त्याही असू देत, म्हटलं. चुकले. हवी तेवढी रागाव, पण ते छापू नकोस.

एक मात्र खरं पाहिलंय. रोज सकाळी शिडी चढून बघत होते. तुझ्या गोंदाच्या कडेने पिवळेपणा आलाच नाही. सहाही पट्ट्यांना तो वायर बाहेर येते तिथूनच सुरू झाला. डबा कितीही घट्ट असला तरी झाकणाला भोक म्हटल्यावर पापड सादळणारच.

तुझी चुकार आत्या


भूगाव, १४ ऑगस्ट

ती. आत्यास स. जयभीम.

रागावले. पूर्ण एक दिवस रागावले. निबंध परत घेतला, पीएचडी सहा महिने तरी लांबली. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी वायरचं तीनदा विचारलं. आम्ही वर्षभर गोंदाच्या मागे, त्या भोकाकडे कुणी बघितलंच नव्हतं! नव्या सहा पट्ट्या, भोक बुजवून, पंधरा दिवसांत पाठवते.

तुला तरी कुठल्या तोंडाने बोलू? वेळेवर जेवते म्हणून लिहिलं, पण दुपारचा वडापाव संध्याकाळी खाते. जुलैत दोनदा जिन्यात बसून रडलेही. यापुढे दोघींनी खरं लिहायचं.

प्रियदर्शिनी


मुळशी, १९ ऑगस्ट

चि. प्रियदर्शिनीस अनेक आशीर्वाद.

क्रमांक एक ते सहा : पिवळ्या.

क्रमांक सात, गोजराबाई : शिडीने उजवा गुडघा सुजला आहे. डाव्या डोळ्याला धूसर दिसतं. तुझी आठवण रोज येते, पावसात जास्त.

क्रमांक आठ : पट्ट्या दादाबरोबर न पाठवता स्वतः घेऊन यावे. वजनाचा जुना काटा पुसून ठेवला आहे.

लोभ आहेच. सादळू देऊ नये.

आत्या