घराच्या बदल्यात एक वाक्य

मी, सेबेस्टियन इनास कोळी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी मासेमारी व आता काही नाही, राहणार पाचूबंदर, वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही; असता तर मी तो ऐकला नसता. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझी बुद्धी शाबूत असल्याचं लिहिलं आहे. स्वभावाबद्दल त्यात काही नाही, कारण वकीलबाईंनी ते विचारलं नव्हतं. माझे हात थरथरतात, म्हणून मी सांगतो आहे आणि माझी मुलगी प्रिसिला तिच्या कॉम्प्युटरवर टाइप करते आहे. एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही, अशी तिला ताकीद आहे.

१. माझी पत्नी रिटा वारली. मला मुलगा रायन व सदर प्रिसिला अशी दोन अपत्ये. मला रिटाच्या शेजारी पुरावं. बँड लावू नये. ज्यांनी समुद्रात माझी जाळी कापली त्यांनी खांदा देऊ नये. ते कोण, हे त्यांना ठाऊक आहे.

२. होडी विकली तेव्हा तिचं जुनं इंजिन मी ठेवून घेतलं. शेजारी हिलरी त्यावर तेव्हापासून डोळा ठेवून आहे. वकील विनयाबाईंनी मला समजावलं की, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या वारसा कायद्यात जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याची सही चालते, पण त्याला दिलेली वस्तू रद्द होते. तरी सदर इंजिन मी हिलरीला देत आहे आणि पहिला साक्षीदारही त्यालाच करत आहे. हे त्याला सही झाल्यावर सांगावं. या मृत्युपत्रात असं जे जे रद्द होईल ते रायनला जावं.

३. आता मशीनं. सन २०२१ मध्ये रायनने घरात बिटकॉइनचं मायनिंग आणलं. म्हणजे यंत्रांनी दिवसरात्र गणितं सोडवायची आणि आपण नाण्याची वाट बघत बसायचं. त्यासाठी होडी विकायची ठरली. वाद एवढाच होता की त्या पैशांत घ्यायचं काय. रायन म्हणाला, खास मशीन घेऊ, त्याला एसिक म्हणतात. ते बिटकॉइनचं गणित भराभर सोडवतं आणि जन्मात दुसरं काही करत नाही. प्रिसिला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. ती म्हणाली, "बाबा, ग्राफिक्स कार्डं घे. कमाई कमी व्हईल, पन उद्या मायनिंग बसला तर त्यांच्यावर माझा एडिटिंग चालंल, गेम खेळनारे इकत घेतील. त्या मशीनचा मंग तू काय करशील?"

मी आयुष्यभर पापलेटचं जाळं टाकलं. त्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, पापलेटच्याच मापाचा असतो, बोंबील त्यातून सरळ निघून जातो, आणि तरी या घराच्या भिंती पापलेटनेच उभ्या केल्या. म्हणून एकाच कामाचं मशीन मला पटलं. चार कामं करणाऱ्याला एकही धड येत नाही, आणि मुलीला होडीत वाटा नसतो, असं मी तेव्हा जेट्टीवर सगळ्यांसमोर बोललो. दोन्ही वाक्यं इथे पुन्हा नोंदवतो. पापलेटचा हंगाम दर वर्षी परत येतो, मशीनचा येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रिसिलाने सांगितलं होतं, पण ते मी धरत नाही.

मशीनं माडीवर जाळ्यांच्या खोलीत लावली. आवाज असा की शेजाऱ्यांशी भांडायलाही ओरडावं लागे. पंख्यांतून गरम वारा यायचा. पावसाळ्यात हिलरी बोंबलांच्या माळा घेऊन आला आणि म्हणाला, "सेबास, तुझ्या बिटकॉइनवर माझं बोंबील सुकव ना." मी भिडेपोटी टांगू दिले. आठवडाभरात सगळी आळी माळा घेऊन आली. खारा वारा, खवले आणि बोंबलांचं पाणी मिळून पंखे गंजले. उरलेल्या मशीनांपेक्षा वेगवान मशीनं बाजारात आली, मग २०२४ मध्ये गणित सोडवल्याबद्दल मिळणारं बिटकॉइनचं बक्षीसच निम्मं झालं. विजेचं बिल कमाईच्या वर गेलं. रायन क्रूझवरच्या किचनमध्ये नोकरीला निघून गेला. जाताना मशीनांना नीट कापड घाला म्हणाला.

प्रिसिलाने स्वतःच्या पैशांतून थोडी जुनी कार्डं घेतली होती. ती कार्डं ज्या दुसऱ्या नाण्यासाठी चालत, त्याचं मायनिंग २०२२ मध्ये साफ बंद पडलं. त्या दिवशी मी मुद्दाम पापलेट आणलं. तिने ते तळलं, मला वाढलं, स्वतः खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून कार्डं एडिटिंगला लावली. आज घर त्यावर चालतं. माझ्या गोळ्याही त्यातूनच येतात आणि त्या मला रोज गिळाव्या लागतात.

एवढं होऊन 'मी सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी कडाकडा भांडलो असतो आणि विषय मिटला असता. बरोबर ठरून वर गप्प बसणाऱ्या माणसांचा मला राग येतो. माझ्या मुलीचा मला राग येतो. हे तसंच टाइप करावं.

४. सर्व बंद मशीनं प्रिसिलाला देतो. तिने विचारलं होतं ना, त्यांचं काय करशील म्हणून.

५. पाचूबंदर येथील राहतं घर, ज्यात प्रिसिला तिचा एडिटिंगचा धंदा करते आणि जे सोडून तिला दुसरा आसरा नाही, ते मी तिलाच देत आहे. अट एकच. मी गेल्यावर महिन्याने माझ्यासाठी जी मिस्सेची प्रार्थना होईल, तिच्यानंतर प्रिसिलाने चर्चच्या अंगणात, लोकांसमोर म्हणावं: "बाबांनी खास मशीन घेतलं तेच बरोबर होतं, माझं म्हणणं चूक होतं." म्हटलं तर घर तिचं. नाही म्हटलं तर रायनचं. हे सांगितल्यावर तिने मला विचारलं, "आवाज किती मोठा, ते पन लिहू?" हो, लिहावं. आवाज जेट्टीवरच्या लिलावाएवढा असावा.

६. दुसरा साक्षीदार म्हणून माझा पुतण्या जॅक्सन येणार आहे. त्याला मी काहीच दिलेलं नाही, त्यामुळे त्याचं काही रद्द होण्याची भीती नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे.

ठिकाण: पाचूबंदर, वसई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

मृत्युपत्र करणार: सेबेस्टियन इनास कोळी (सही)

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: हिलरी (सही)
साक्षीदार २: प्रिसिला सेबेस्टियन कोळी (सही)

खालचा मजकूर माझ्या स्वतःच्या हाताचा आहे. अक्षर वाईट आहे, पण आता लिहायला कोणी नाही. साक्षीदारांच्या सह्यांखाली लिहिलेलं कायद्यात चालत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी सही केली, मग हिलरीने केली. त्याला इंजिनाचं सांगितल्यावर त्याने मला माझ्या आईवरून शिवी दिली. मी हसत होतो. जॅक्सन दारात चपला काढत होता. तेवढ्यात प्रिसिलाने हिलरीच्या हातातून पेन घेतलं आणि जॅक्सनच्या जागी सही केली.

मी म्हटलं, "अगो, घर गेला तुझा!"

"ठाव हाय," ती म्हणाली. "दोन नंबरचा कलम मीच टाइप केलाय."

मी म्हटलं, फाड ते, नवीन टाइप कर. ती म्हणाली, "आता दुसरा कोन तरी बघ टाइप करायला." मग तिने कार्डं एकेक करून काढली, टॉवेलात गुंडाळली, आणि सातिवलीला एका ओळखीच्या गाळ्यात जागा मिळते का, ते फोनवर विचारलं. जॅक्सनने टेम्पो आणला. सामान चढवून झाल्यावर ती परत आली. मला वाटलं पाया पडायला आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुला सांगितला होता, बाबा."

आवाज जेट्टीवरच्या लिलावाएवढा होता. सगळ्या आळीने ऐकलं.

संध्याकाळी रायनला फोन लावला. घर आता तुझं, असं त्याला सांगितलं. ते रिकामं कधी होईल, एवढंच त्याने विचारलं.