रजेच्या चिठ्ठ्या

बोरजाईवाडी
१२ ऑक्टोबर १९७९

श्रीयुत वैजूचे बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. लेकाचं पत्र म्हणून आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या ओळी मोठ्यानं, माझ्या ओळी मनातल्या मनात. त्या म्हणाल्या, कागद तर भरलेला दिसतोय, मग मजकूर एवढाच कसा? मी पदर तोंडाला लावून चुलीकडे पळाले.

कोल्हापूरहून बी. ए.चा बहिःस्थ फॉर्म मंजूर होऊन आला. इतिहास घेतलाय. एक अख्खा पेपर दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपवर आहे. बालवाडी सुटली की मी चुलीपुढं मुसोलिनी आणि हिटलरला घेऊन बसते. आत्याबाईंनी विचारलं, हे आपल्या पाहुण्यांतले का? मी म्हटलं, यांना कुणी दारात उभं करू नये, असे पाहुणे आहेत.

वैजू दोन वर्षांची होऊन गेली. तुम्ही गेलात तेव्हा ती पोटात होती. तुमच्या फोटोला बाबा म्हणते आणि पोस्टमनलाही बाबा म्हणते. त्या बिचाऱ्यानं हल्ली दारातूनच पत्र टाकायचं सुरू केलंय. रजेच्या चिठ्ठीत या खेपेला तुमचं नाव निघू दे. मला दुसरं काही नको.

थोरांना नमस्कार, मित्रमंडळींना आठवण. माया आहे तशीच ठेवावी.

आपली,
मुक्ता


समैस्मा रोड कँप, कतार
६ नोव्हेंबर १९७९

प्रिय मुक्ता हिस,
अ. आ.

मास्तरीणबाईंचं अभिनंदन. आयटीआयवाल्या नवऱ्याला आता पत्रातल्या चुका दाखवू नकोस म्हणजे झालं.

रजेच्या चिठ्ठ्या आता खलास. आमची रीत तुला ठाऊकच आहे. कंपनी एका वेळी एकालाच सोडते, नंबर आम्ही लावायचा. सगळ्यांची नावं मराठीत लिहून पातेल्यात टाकायची आणि चिठ्ठी काढायची आमच्या मेसच्या आचाऱ्यानं, इलियासनं. तो केरळचा, त्याला आपलं अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा.

पण आता कँपात आबासाहेब म्हणून एक क्रेनवाले आलेत, सांगलीकडचे. माणूस वाघ आहे. आम्ही वर्षभर रडत होतो ते थंड पाण्याचं मशीन त्यांनी साहेबाच्या टेबलावर मूठ आपटून आणवलं. शुक्रवारी जेवणानंतर ते म्हणाले, नशिबाच्या भरवशावर माणसं घरी का जावीत? ज्याची नड मोठी त्यानं आधी जावं. या वर्षापुरतं माझ्यावर सोपवा. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. पहिली रजा निवृत्तीला दिली, त्याची आई अंथरुणाला खिळली आहे. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आणि ऐक. मला जवळ बोलावून म्हणाले, जालिंदर, तुझ्या पोरीचं मला माहीत आहे, चैत्रात तू जायचंस. इन्शाल्ला, मुक्ता, चैत्रात मी घरी. हे लिहितानाही हसू आवरत नाही. समुद्रावर जाऊन एकटाच ओरडून आलो.

आईस सा. न., वैजूस गोड पापा. मनातून उतरू देऊ नकोस.

तुझा,
जालिंदर


बोरजाईवाडी
२ डिसेंबर १९७९

श्रीयुत वैजूचे बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

चैत्र! आत्याबाईंनी त्याच दिवशी कोंबडा राखून ठेवला. मी वैजूला फ्रॉक शिवायला टाकला, थोडा मोठाच सांगितला. पुढच्या खोलीला पिवळा रंग दिलाय. कामं उरकतात, महिने मात्र उरकत नाहीत.

मला आता एक वाईट खोड लागलीय. धडा वाचायचा आणि गावात तो माणूस शोधायचा. तुमचं पत्र आलं तेव्हा जर्मनीचा धडा चालू होता. तिथं संसदेनंच मतं देऊन सगळे अधिकार एका माणसाच्या हाती दिले, तेही चार वर्षांपुरते. ती सरली तेव्हा परत मागायची कुणाची छाती उरली नव्हती. इटलीतही आधी लोक म्हणत होते, गडी कामाचा आहे. तुमच्या आबासाहेबांनी पाणी आणलं, निवृत्तीभावोजींना घरी धाडलं, त्यांचं भलं होवो. पण चिठ्ठ्या पुन्हा सुरू करा असं पुढच्या वर्षी कोण म्हणणार, तेवढं ठरवून ठेवा. मला वेड लागलंय म्हणून हसलात तरी चालेल.

तिकडे थंडी पडते म्हणता, स्वेटर घालत जा. लोभ वाढवावा, कमी तर करूच नये.

आपली,
मुक्ता


समैस्मा रोड कँप
२० जानेवारी १९८०

प्रिय मुक्ता हिस,
अ. आ.

तुझ्या पत्रावर मी खरंच हसलो होतो. आता हसू येत नाही.

निवृत्तीनंतरची रजा आबासाहेबांच्या साडूच्या पोराला मिळाली. त्यानंतरची, जो त्यांचे कपडे धुतो त्याला. आबासाहेब मेसमध्ये आले की बोलणं थांबतं. इलियास एकदा हिंदीत म्हणाला की पातेलं रिकामं आहे, पुन्हा चिठ्ठ्या टाका की. झालं. आता आबासाहेब सांगत फिरतात की इलियास मटण चोरतो. चोरताना कुणीही पाहिलेलं नाही.

मेस आमची, आचारी आम्हीच ठेवतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी त्याचं वर्ष भरतं. तेव्हा त्याला काढण्यासाठी सगळ्यांनी हात वर करायचे आहेत. काढला तर तो सरळ केरळला परत जाणार, त्याच्या मागं पाच बहिणी. मला त्यांनी स्पष्टच सांगितलं, जालिंदर, चैत्र जवळ आला आहे, तुझा हात दिसला पाहिजे.

मुक्ता, मला वैजूला बघायचंय. तुला बघायचंय. तुझं पुस्तक काय म्हणतं ते नको सांगू, तू काय म्हणतेस ते सांग. हे पत्र रजेवर निघालेल्याबरोबर देतोय, लगेच उत्तर टाक.

तुझाच,
जालिंदर


बोरजाईवाडी
३ फेब्रुवारी १९८०

श्रीयुत वैजूचे बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याबाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं नाही.

मला विचारलंत म्हणून खरं लिहिते. माझ्या जिवाला विचाराल तर हात वर करा आणि घरी या. इलियास कोण, कुठला. मी त्याला पाहिलेलंही नाही. दोन दिवस मी हेच उत्तर मनात धरून भाकरी थापत होते.

पण तुम्ही आलात की पहिल्या दिवशी मी विचारीन, त्या माणसाचं काय झालं? आणि तुम्ही मान खाली घालाल. तसे तुम्ही मला नकोत. हात खाली ठेवा.

हे पत्र पेटीत टाकलं की मला पस्तावा होणार आहे, म्हणून वैजूला कडेवर घेऊन आत्ताच जाते.

आपली,
मुक्ता


समैस्मा रोड कँप
३ मार्च १९८०

प्रिय मुक्ता हिस,
अ. आ.

तुझं पत्र वेळेत मिळालं. शुक्रवारी आबासाहेब उठले आणि म्हणाले, यल्ला, चला, हात वर. माझ्या भोवती हातांचं रान उभं राहिलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो, कारण त्याचा मला भरवसा नव्हता. आबासाहेब माझ्याकडे बघत राहिले. मग परत आलेल्या निवृत्तीनं वर केलेला हात खाली घेतला. त्याला पहिली रजा त्यांनीच दिली होती, तरी. मग मागच्या ओळीतले दोघे-तिघे, मग बरेच. इलियास राहिला.

त्याच बैठकीत पोरांनी पातेलं मागितलं. आबासाहेबांचंही नाव टाकलं. इलियासनं डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या. मुक्ता, माझं नाव सगळ्यांत शेवटी निघालं. कंपनी सोडते त्या गतीनं पुढच्या वर्षीची संक्रांतही होऊन जाईल.

आबासाहेबांनीच माझी चैत्रातली रजा कापली असती तर मी त्यांच्यावर चिडलो तरी असतो. आता कुणावर चिडू? इलियास ती शेवटची चिठ्ठी हातात घेऊन मला विचारत होता, किसका नाम है भाई?

आईला तूच सांग. मला क्षमा कर.

तुझा,
जालिंदर


बोरजाईवाडी
१८ मार्च १९८०

श्रीयुत वैजूचे बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल पाडवा झाला, आज तुमचं पत्र आलं. आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी कोंबडा शेजारी देऊन टाकला.

क्षमा कसली मागता? मीच लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं, आणि तरी मला माझाच राग येतो. दुपारभर पिवळ्या भिंतीकडे तोंड करून रडले. वैजू पाठीवर थापटत होती.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. कुणी हात वर केले, ते सगळं पुस्तकात आहे. त्या जर्मन संसदेत काहींनी विरुद्ध मत दिलं, तेही एका ओळीत आहे. त्यांच्या बायका त्या दिवशी घरी काय करत होत्या, ते मात्र कुठल्याच धड्यात नाही.

मी सांगू शकते. पण तसा प्रश्न येणार नाही.

तब्येत सांभाळा. तुमचा मला अभिमान वाटतो. तुम्ही मला इथं हवे आहात. दोन्ही खरं आहे, दोन्ही जवळ ठेवा.

तुमचीच,
मुक्ता