गुरुवारचं अर्धं पत्र

प्रिय इस्त्रीबहाद्दर,

आज सोमवार, म्हणजे आपला धुण्याचा आणि पत्रांचा दिवस. आईला चार ओळी खरडल्या: तब्येत बरी आहे, बूट टिकलेत, काळजी नसावी. उरलेला सगळा कागद तुझा. शाळेत मला निबंधात दहापैकी तीनच्या वर कधी मिळाले नाहीत, कारण गायीवर लिहायला बसलो की कुंपणावर जाऊन संपायचो. आजही तसंच होणार. पण मधे सोडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

बदली होऊन तीन आठवडे झाले. खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून मशीन चालतं, आणि ते थांबलं की मी दचकतो. पाणी यायच्या आधी नळ खोकतो, अगदी माणसासारखा. शिंपी भला आहे. पहिल्याच दिवशी आमचे पांढरे शर्ट आणि छातीवरच्या काळ्या पट्ट्या न्याहाळून म्हणाला, "विमा विकता का देव?" मी म्हटलं, देव. तर म्हणे, "मग बसा. विमावाले उठता उठत नाहीत." पट्टीवरचं 'एल्डर' वाचून त्याने अर्थ विचारला. वडीलधारा, असं सांगितल्यावर माझ्या हनुवटीवरच्या तीन केसांकडे बघून त्याला ठसका लागला. आपला मॉर्मन पंथ एकोणीस वर्षांच्या पोरांना वडीलधारे करून जोडीजोडीने दारोदार पाठवतो, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

नव्या सोबत्याला मी मनातल्या मनात 'गजर' म्हणतो. साडेसहाला उठतो, तेही गजर व्हायच्या आधी. मी बोका बघायला थांबलो तरी लगेच, "नजरेच्या टप्प्यात राहा." तूही तेच म्हणायचास, पण तू निदान कान धरायचास. आमच्या कपाटाच्या दारावर आतून, आधी राहून गेलेल्या सगळ्यांनी पेन्सिलीने आल्यागेल्याच्या तारखा लिहिल्यात. एकाने आपल्या उंचीची रेघही ओढून ठेवलीय, माझ्या डोक्याच्या वीतभर वर. सकाळी शर्ट काढायला दार उघडलं की ती रेघ समोर येते, आणि मागे कुणीतरी उभं राहून माझ्या डोक्यावरून आत बघतंय असं वाटतं. मागे वळलो की गजर असतो, बुटांना पॉलिश करत.

आणि दारं. तुला आठवतं, आपण बंद दारांची थट्टा करायचो? तू म्हणायचास, हे नाही तर पुढचं, देवाकडे दारांचा तुटवडा नाही. इथे माझं तसं होत नाही. दार वाजवलं आणि कुणी आलं नाही, की गजर पायरी उतरून मोकळा होतो, आणि मी कान देत तिथेच उभा. आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, हातभर अंतरावर, हात कडीवर ठेवून, असं वाटत राहतं. परवा एका दारापाशी इतका वेळ थांबलो की शेजारची म्हणाली, "अरे बाबा, ते घर रिकामं आहे, वर्ष झालं." मला तरी श्वास ऐकू येत होता.

आता खरं सांगतो. म्हणजे अजून पूर्ण नाही, पण त्याच्या जवळचं. इथल्या भेटींच्या वहीची जुनी पानं मी चाळत होतो (गजर वाचन करत होता, मला वाचन जमत नाही, तुला माहीत आहे). दोन वर्षांपूर्वीचं एक पान होतं, कपाटातल्या रेघेवाल्या त्या उंच पोराच्या हातचं. काजं-बटणं करून पोट भरणाऱ्या एका बाईचा पत्ता, आणि खाली: 'शनिवारी चारला येतो म्हणून सांगितलंय.' पुढे काही नाही. त्याची बदली झाली असणार, आणि नंतरच्या जोडीने पान उलटलं नसणार. परवाच्या शनिवारी चार वाजता गजरला घेऊन गेलो. वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गजरकडे पाहिलं, मग आमच्या दोघांच्या मधून मागे जिन्याकडे. "उंच पोरगा कुठाय? शनिवारी येतो म्हणाला होता." गजरने सांगितलं की तो दोन वर्षांपूर्वीच इथून गेला. बाई म्हणाल्या, "हो का? मग उशीर होणारच."

आत खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, पुसून, समोरासमोर. मी बसायला गेलो तर बाईंनी हाताने अडवलं. "त्या नको. त्या धरून ठेवल्यात." आम्हाला पत्र्याच्या ट्रंकेवर बसवलं. तासभर बसलो. त्या बटणं लावत होत्या आणि मधूनमधून त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून मान हलवत होत्या, कुणी बोलत असल्यासारखी. राग नव्हता रे. राग असता तर बरं झालं असतं. येताना गजर म्हणाला, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. तेव्हापासून मला झोप नाही.

आता शेवट. तुला ताप आला होता तो आठवडा आठव. मी औषध आणायला गेलो आणि दीड तासाने आलो, रांग होती असं म्हणालो. रांग नव्हती. सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर एक म्हातारा लॉरीवाला राहतो. त्याची काठी खिडकीतून खाली पडली, मी ती वर नेऊन दिली आणि बसलो. एकट्याने कुणाच्या घरात पाय टाकायचा नाही, हा आपला पहिला नियम. म्हणूनच ती भेट वहीत लिहिली नाही, आणि तुलाही सांगितली नाही. दोन दिवसांनी परत गेलो. त्याचे हात कापतात, लिहिता येत नाही. मुलीला पत्र लिहून घ्यायचं होतं, नऊ वर्षांत बोलणं नाही. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. शेवटचं वाक्य असं आहे: 'त्या दिवशी तू दार वाजवलंस तेव्हा मी घरातच होतो, दाराला हात लावून उभा होतो, आणि मी' एवढं बोलून त्याला धाप लागली. म्हणाला, बाकीचं गुरुवारी, चार वाजता. मी म्हटलं, येतो. आणि बुधवारी सकाळी बदलीचा फोन आला. तो कागद खिशातच राहिला. तू माझी बॅग भरत होतास, तुझ्या तोंडावर खोटं कबूल करायची हिंमत झाली नाही. तीन गुरुवार गेले. त्याला जिना उतरता येत नाही, आणि मुलीचा पत्ता फक्त त्यालाच माहीत आहे.

तो कागद या पत्रासोबत ठेवलाय. मिशनच्या अध्यक्षांना माझं नाव खुशाल कळव, घरी पाठवलं तरी चालेल. पण आधी येत्या गुरुवारी नव्या सोबत्याला घेऊन चार वाजता तिथे जा. पेन आपलं ने, त्याच्याकडचं गळतं. मी खोटारडा आहे हे त्याला सांग, पण मी त्याला विसरलो असं सांगू नकोस. आणि दार लगेच उघडलं नाही तर पायरी उतरू नकोस. तो आतच असतो, उठायला त्याला वेळ लागतो.

तुझाच, नजरेच्या टप्प्याबाहेर गेलेला,
भटक्या