एसटीत उभं राहण्यापुरती ताकद

बाई, तुमची युक्ती परवा माझ्यावर उलटली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तक्रार तुमच्याकडेच करावी लागणार.

शिकायला नाशकात आलेल्या आदिवासी पोरांच्या तब्येतीचं काम मी आता करते. रक्त तपासायचं, खाणंपिणं बघायचं, मन रमत नसलं तर बोलतं करायचं. तुम्ही जिथे वॉर्डन होतात, त्याच वसतिगृहात पेठकडची एक मुलगी आलीय, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिच्या 'नाय' आणि 'हाय'वर वर्गात हसतात. आधी तिने बोलणं सोडलं, मग जेवण. प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली. प्रशिक्षणात शिकवलेले सगळे प्रश्न मी मऊ आवाजात विचारले. सगळ्यांना एकच उत्तर, "बरी हाय." रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्या ती गॅलरीतल्या कुंडीत खुपसत होती. मोगऱ्याने मात्र बाळसं धरलं.

परवा तिने बॅग भरली. शिक्षण सोडून कायमची घरी निघाली होती. तेव्हा तुम्ही आठवलात. सुरगाण्याहून आले तेव्हा मीही पेटी भरून दाराशी ठेवली होती. गूळ घातलेली आमटी घशाखाली उतरत नव्हती. तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत, पुढ्यात ताट सरकवलंत आणि दरडावलंत, "जायचं तर जा. पण घाटातून एसटीत उभं राहून जायला ताकद लागते. तेवढं जेव आणि नीघ." रोज तुम्ही घाट लांबवत गेलात, गाडीतली गर्दी वाढवत गेलात, आणि मी खात गेले. एकदा माझ्यासाठी आमच्याकडचं भुजं, भाजलेल्या उडदाचं घट्ट कालवण, केलंत. ते करपलं. असंच लागतं ना, विचारलंत. धाकाने मी हो म्हटलं, आणि पुढे वर्षभर दर गुरुवारी अख्ख्या वसतिगृहाने करपलेलं भुजं खाल्लं.

तर तेच घाटाचं वाक्य मी तुमच्याच आवाजात तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "मामा गाडी घेऊन येतोय, ताई. एसी हाय."

पुढचं वाक्य तुम्ही शिकवलंच नव्हतं. मी तिच्या कॉटवर बसकण मारली आणि माझी पेटी, तुमचं भुजं, सगळं सांगत सुटले. वर्षभर करपलेलं खाल्लं, हे ऐकून ती हसायला लागली ती थांबेचना. मग तिने विचारलं, "तुम्हाला हसायचे का?"

"अजून हसतात. मीटिंगमध्ये माइकवर 'नाय' म्हटलं की."

"मग?"

"मग मी परत म्हणते."

ती उठली आणि भुजं कसं करतात ते दाखवते म्हणाली. मामा आल्यावर त्यालाही पंगतीला बसवलं. मामा जेवला, मी जेवले, आणि वाढणारीने उपाशी राहणं बरं दिसेना म्हणून तीही जेवली. आईला भेटून सोमवारी परत येते, असं सांगून गेली.

आज सोमवार. दुपारच्या एसटीतून ती नागलीच्या पिठाची गोणी घेऊन उतरली आणि मला स्टँडवर बघून चकित झाली. भाजी घ्यायला आले होते, मी म्हटलं. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. हातात पिशवीसुद्धा नव्हती, बाई. पेठची पहिली गाडी आली तेव्हापासून मी तिथेच बसून होते.