अस्वलासाठी

मॉरिसव्हिल,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. नीलाताई,
साष्टांग नमस्कार.

इकडे मी आणि सुवर्णा ठीक आहोत. थंडी सुरू झाली आहे, आणि थंडीबरोबर सुवर्णाचा गुडघाही. तू पाठवलेली संत्र्याची बर्फी पोचली. त्यातली निम्मी मी एकट्यानं संपवली, हे तिला कळवू नकोस. तुझी शुगर कशी आहे? भावजी सकाळी फिरायला जातात की अजून पेपरच वाचत बसतात?

फोन सोडून हा कागद कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि खरं सांगायचं तर तू बोलू दिलं नाहीस की मला बरंच वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू वाचायच्या आत पुसून टाकलं असतं. आमचा शेजारी अतुल उद्या नागपूरला निघतोय. त्याच्या हाती एकदा पाकीट दिलं की ते परत मागायची सोय नाही.

परवा तू फोनवर म्हणालीस, "प्रथमेश तुझ्याकडे येऊन नाही राहिला का? महिना झाला म्हणे! मी चांगली कानउघाडणी केली त्याची. मामानं इतकं केलं आणि याला मिजास आली." मी म्हणालो, "जाऊ दे ताई, अभ्यास असेल." तर त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी ते रिव्हॉल्व्हर.

तुला आठवत असेल, ऑगस्टमध्ये मी ते घेतलं तेव्हा तू किती घाबरली होतीस. मी म्हणालो होतो की आम्ही डोंगरात हिंडतो, तिथे अस्वलं असतात, आणि तुझं पोरगं तू माझ्या हवाली केलं आहेस. तुझ्या पोराचं नाव घेतल्यावर तू गप्प झालीस. ते मला माहीतच होतं.

मी कुकर घेतानासुद्धा पंधरा दिवस रिव्ह्यू वाचणारा माणूस. याचेही वाचले. सगळ्यांचं म्हणणं एकच की इथलं काळं अस्वल भित्रं असतं, टाळ्या वाजवल्या तरी पळतं. फारच वाटलं तर अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखट स्प्रे मिळतो, तो न्यावा. बंदूकच हवी असेल तर मोठी, जड न्यावी. हलकीचा अस्वलापुढे काही उपयोग नाही. हे सगळं वाचून मी दुकानात गेलो आणि हलकी मागितली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "चार पायांसाठी की दोन पायांसाठी?" मी हसून म्हणालो, चार. त्यानं एक जड धूड पुढे ठेवलं. मी ते उचलून बघितलं आणि म्हणालो, पाठीला झेपणार नाही. तोही हसला आणि हलकी काढून दिली. घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्या बंदुकीचं वजन केलं. अर्धा किलोसुद्धा नाही! केवढा आनंद झाला मला.

खंडेनवमीला आपल्या रिवाजाप्रमाणे सुवर्णानं पाटावर सुऱ्या, विळी, माझा पान्ह्यांचा डबा आणि प्रथमेशचा लॅपटॉप मांडला. मी त्यात ही बंदूकही आणून ठेवली. प्रथमेश म्हणाला, "मामा, हे पण?" सुवर्णानं हळदकुंकू तेवढं तिथे लावलं नाही. मग मी माझ्या बोटानं लावलं. मुठीच्या खाचांत हळद जाऊन बसली, ती पुसून निघेना.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही दोघं डोंगरात गेलो. पानं लाल-पिवळी झाली होती, हवा सुंदर होती. एका खडकावर बसून जेवलो. सुवर्णानं दशम्या दिल्या होत्या, जवसाची चटणी होती. बाबांनी लावलेल्या सवयीनं मी बूट काढून जेवलो, प्रथमेशनंही काढले. आवरून निघालो. थोडं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाका मारत धावत यायला लागलं आणि जरा गडबड झाली.

जरा गडबड झाली! बघ ताई, कागदावरसुद्धा मी कसा पळतो.

मागून एक उंच माणूस धावत येत होता. "हे! सर!" असं ओरडत होता. त्याच्या हातात काहीतरी चकाकलं. मी रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्याच्या छातीवर रोखलं. ते कधी काढलं हे आठवत नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण मला आठवतं. सगळं आठवतं.

तो जागच्या जागी थांबला. हातातली वस्तू त्यानं खूप हळू खाली ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी. मग दोन्ही हात वर करून म्हणाला, "माझी बायको मागून येतेय. प्लीज." तेवढ्यात प्रथमेश माझ्या नळीसमोर येऊन उभा राहिला. तुझा प्रथमेश, ताई. म्हणाला, "मामा, डबा आहे. आपला डबा आहे तो."

आपला स्टीलचा डबा होता. आम्ही खडकावर विसरलो होतो. आत दोन दशम्या उरल्या होत्या.

तो माणूस पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी मागे गेला. प्रथमेश त्याची माफी मागायला धावला. मी तिथेच उभा राहिलो. मी गेलो नाही.

चिखलदऱ्याला बाबांची छत्री विसरली होती, ते तुला आठवतं? एक कोरकू माणूस ती घेऊन केवढा तरी उतार पळत आला होता. बाबांनी त्याला बसवून घेतलं आणि आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. रानात मागून कुणी धावत आलं तर आधी थांबायचं, असं ते म्हणायचे. मी हे तुझ्यासमोर किती जणांना ऐटीत सांगितलं असेल.

अजून एक गोष्ट मी मघापासून टाळतो आहे. तो माणूस काळा होता. त्याच्या थोडंच आधी दोन गोरे त्याच वाटेनं मागून आले होते, कुत्रा घेऊन. त्यातल्या एकाच्या खांद्यावर शिकारीची बंदूक होती, चांगली लांब. मी बाजूला झालो आणि हसून त्याला गुड मॉर्निंग म्हणालो.

अस्वलाचं नाव मी उगाच घेतलं, ताई. ते रिव्हॉल्व्हर ज्याच्यासाठी घेतलं होतं तोच त्या दिवशी समोर आला, आणि त्याच्या हातात आपला डबा होता. मला माझी किळस येते.

परतताना प्रथमेश मागच्या सीटवर बसला, टॅक्सीत बसतात तसा. मी आरशात बघून म्हणालो, "आईला सांगू नकोस, उगाच काळजी करेल." तो म्हणाला, "ओके." तेवढा शब्द त्यानं आजपर्यंत पाळलाय. घरी यायचं मात्र त्यानं बंद केलं. दिवाळीच्या फराळालाही आला नाही. भाऊबीजेला तू स्क्रीनसमोर निरांजन धरून मला ओवाळत होतीस, तेव्हा मी पलीकडे मान खाली घालून बसलो होतो. तुला वाटलं नेटवर्क गेलं.

हे सगळं कदाचित मी तसंच दडपलं असतं. पण काल प्रथमेशचा फोन आला. म्हणाला, "मामा, आई खूप चिडलीये. मी इतके दिवस आलो नाही, सॉरी." तू त्याला माझी माफी मागायला लावलीस. आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "असू दे रे. होतं असं."

त्याची माफी मी घेतली, ताई. मोठ्या मनानं घेतली. पलीकडे त्यानं फोन ठेवला. रिव्हॉल्व्हर रोखलं त्याच्यापेक्षा मला या वाक्याची जास्त लाज वाटते. तिथे निदान मी घाबरलेला होतो.

सुवर्णाला रात्री सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि डबा घासायला घेतला, आधीच घासलेला. आज सकाळी जाऊन मी रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जमा केलं. तिथल्या बाईंनी मुठीवर अंगठा फिरवून विचारलं, "हा गंज आहे का?" मी हो म्हणालो. देवाचं काही तिथे सांगावंसं वाटलं नाही.

आता एक कर. हे वाचून झालं की आधी प्रथमेशला फोन कर, मला नको. तू रागावलीस ते परत घे. त्याची काही चूक नव्हती, आणि त्याच्याइतकं धैर्य आपल्या घरात बाबांनंतर कुणात मी पाहिलेलं नाही. मी उद्या त्याच्या खोलीवर जाणार आहे. त्यानं दार उघडलं तर त्याची माफी मागेन. त्या माणसाची मात्र मागता येणार नाही, त्याचं नावही मला माहीत नाही.

भावजींना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचायला दिलंस तरी माझी हरकत नाही.

खाली नेहमी 'प्रथमेशचा मामा' असं लिहितो. ते आता त्याला विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

प्रल्हाद