ताईसाठी पाल्याचा काढा

३ मार्च
आज कष्टाचं चीज झालं. पाल्यातून काढलेलं संयुग स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर घातलं आणि त्यांना वाढवणारा जीन निम्म्याने गप्प झाला. माझ्या गाइड मॅडमनी विचारलं, कंट्रोल कुठाय? म्हणजे ज्या अल्कोहोलमध्ये संयुग विरघळवलं, ते नुसतं घालूनही बघ. करू सवडीने. शुभकार्यात शिंकायची काहींना सवयच असते.

५ मार्च
ताईकडे गेलो. तिच्या गाठीचा रिपोर्ट आल्यापासून दाजी डॉक्टरांचे नंदीबैल झालेत. मी समजावलं: केमोची घाई नको, याच पाल्याचा काढा घे. ताई नुसतं बरं म्हणाली. त्या घरात सायन्स कळणारी तीच एक.

१४ मार्च
काढ्याची दुसरी बरणी पोचवली. पहिली संपली म्हणे. ताईचा चेहरा उतरलाय. गुण येताना असं व्हायचंच. (हे कुठे वाचलं, ते शोधणे.) दाजी नजर चुकवतात. ओशाळले असावेत.
कंट्रोल पुढच्या आठवड्यात नक्की.

२२ मार्च
जेवण जात नाही. डिशमधल्या पेशींना पोट नसतं, लिव्हर नसतं, शाळेत जाणारी मुलगी नसते. ताईला आहे.
असले विचार पित्ताने येतात. गोळी घेतली.

२६ मार्च
कंट्रोल केला. नुसत्या अल्कोहोलनेही जीन तेवढाच गप्प. पुन्हा केला, तेच. म्हणजे पाल्याने काडीचाही फरक पडलेला नाही. थेंब मोजायची पिपेट बिघडली असणार.

दुपारी. पिपेट ठीक आहे.

२७ मार्च
ताईला सांगायला गेलो. जिन्यात वाक्य जुळवलं: नवीन पुरावे समोर आले आहेत. दार तिनेच उघडलं. डोक्याला रुमाल, आणि रुमालाखाली केस नव्हते.
केमो रिपोर्टच्याच आठवड्यात सुरू झालेली. दाजी नेतात. मला कळू द्यायचं नाही, असं तिनेच त्यांना बजावलं होतं. काढ्याला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, म्हणून दोन्ही बरण्या बेसिनमध्ये ओतल्या.
मला राग यायला हवा होता. मी खुर्ची ओढून बसलो.
ताई म्हणाली, "इतक्या आशेने आणत होतास रे. तुझं मन मोडवेना."
ठरवलेलं वाक्य काही बोललो नाही. ती चहा ठेवायला उठू लागली, तशी तिला बसवलं आणि मीच ओट्याशी गेलो.
साखर कुठे ठेवतात, ते तिलाच विचारावं लागलं.