खांदे कुणाचे

गॉलवे, ४ ऑक्टोबर १९५७

प्रिय बाबा,

देव आणि मेरीमाता घरात असोत. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे? कोंबड्या कुणाला देणार?

बेट सोडायला तुम्हाला पटवणारं ते सरकारी पत्रक मीच लिहिलं. आधी त्यात वीज, डॉक्टर, शाळा असं सगळं होतं. आमच्या कचेरीतले हेफर्नन साहेब म्हणाले, "अशानं कुणी हलत नाही गं. एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिही."

मी तुम्हाला ठेवलं. तुम्ही नेहमी म्हणायचात, "मी इथून निघेन तो खांद्यावरूनच." म्हणून लिहिलं, "शवपेटी उचलायला सहा जण लागतात. बेटावर धडधाकट चारच उरलेत. खांदे कुणाचे?"

काल बेट सोडायला तयार असलेल्यांच्या सह्यांचा कागद आला. पहिलीच सही तुमची.

साहेबांनी शाबासकी दिली. तेव्हापासून आई कचेरीच्या दारात उभी दिसते, तीच तपकिरी शाल घेऊन. आत येत नाही, रागावतही नाही. तिलाही सहा जणांनीच खांद्यावरून बेटावरच्या टेकडीवर पुरायला नेलं होतं. आता तिच्यापाशी कोण राहणार, हा प्रश्न मी पत्रकात येऊ दिला नाही. तुम्ही तरी विचाराल असं वाटलं होतं, बाबा. का नाही विचारलंत?

तुमचीच,
नोरीन